पहिल्या चिकटवहीचे साहित्य



चिकटवही म्हटली की बहुतेकांना शाळेचे दिवस आठवतात. वर्तमानपत्रातून कापलेली खेळाडूंची चित्रे, आगपेट्यांवरील छाप, वाळविलेले पिंपळपान, सहलीचे तिकीट आणि या सर्वांना जागच्या जागी धरून ठेवणारा डिंक, अशी ती वही असे. तीच वही वीस-पंचवीस वर्षांनी पेटीतून बाहेर काढली म्हणजे निराळे दृश्य दिसते. पाने तपकिरी झालेली असतात आणि दुमडताच तुटतात. डिंकाचे डाग चित्राच्या पाठीकडून पुढे उमटलेले असतात. चिकटपट्टी गळून पडते व तिच्या जागी पिवळा, मेणचट पट्टा उरतो. आजोबांचे एकुलते एक छायाचित्र पानाला असे घट्ट बसलेले असते, की सोडवू जाता चेहऱ्याचाच पापुद्रा निघून येतो.

ही हानी पुष्कळदा वाळवीने अथवा पावसाने केलेली नसते. ज्या हातांनी ते छायाचित्र जपण्यासाठी चिकटविले, त्याच हातांनी बाजारातून आणलेल्या कागदात आणि डिंकात तिचे बीज असते. म्हणून पहिली चिकटवही करू इच्छिणाऱ्याने कोणते साहित्य घ्यावे, कोणते टाळावे आणि का, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटला तरी किरकोळ नाही. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की कागद आणि खळ या दोन वस्तू पारखून घ्याव्या. उरलेले साहित्य घरात सापडेल ते चालते.

जयपूर शहरात हा विषय मांडण्यास विशेष औचित्य आहे. सुटी चित्रे एकत्र करून, त्यांना समास जोडून, त्यांची वही बांधण्याची कला उत्तर हिंदुस्थानात मोगलांच्या काळी उत्कर्षास पोहोचली. अशा संग्रहास मुरक्का म्हणत. राजपुत्र दारा शुकोह याने आपली पत्नी नादिरा बानू बेगम हिला दिलेला मुरक्का आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोरासमोरच्या दोन पानांवर एकमेकांस शोभतील अशी चित्रे किंवा सुलेखनाचे नमुने बसविलेले आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे यांनी छायाचित्रणाचा छंद स्वतः जोपासला. त्यांची कारकीर्द १८३५ ते १८८० अशी होती. काचेच्या तावदानावर ओले रसायन पसरून ते वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावयाचे, अशी त्या काळची कष्टाची रीत होती. त्यांच्या संग्रहातील काचा सिटी पॅलेसमधील संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.

याच शहराच्या नावाने १८९० पासून स्विंटन जेकब यांनी ‘जयपूर पोर्टफोलिओ’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. जोती, स्तंभ, कमानी, दरवाजे, तीर यांच्या मोजून काढलेल्या आकृतींचे हे बारा भाग होत. त्यांची पाने मुद्दाम सुटी ठेवलेली होती. कारागिराने हवे ते पान काढून दुसऱ्या पानाशेजारी ठेवावे, तुलना करावी आणि कामाच्या जागी न्यावे, हा त्यामागील हेतू होता. मांडणीही कालक्रमाने केलेली नव्हती. एका जातीच्या वस्तू एकत्र ठेवलेल्या होत्या. प्रथमच वही करणाऱ्यास यातून एक उपयुक्त सूचना मिळते. वही शिवण्यापूर्वी पाने काही दिवस सुटीच ठेवावी. कोणते चित्र कोणाच्या शेजारी शोभते, हे मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

युरोपात आणि अमेरिकेत हा छंद निराळ्या वाटेने वाढला. इंग्लंडमध्ये जेम्स ग्रेंजर या धर्मोपदेशकाचा चरित्रग्रंथ १७६९ मध्ये निघाल्यावर, ग्रंथात वर्णिलेल्या व्यक्तींची चित्रे शोधून ती पुस्तकातच बसविण्याची टूम निघाली. विनोदी लेखक म्हणून जगास ठाऊक असलेल्या मार्क ट्वेनने १८७३ मध्ये चिकटवहीतील एका सुधारणेचे एकस्व मिळविले. त्याच्या वहीच्या पानांवर डिंकाचे पट्टे आधीच दिलेले असत. ते ओले करावे आणि कात्रण दाबावे, की काम झाले. श्रम वाचविण्याची ही इच्छा स्वाभाविक होती. परंतु श्रम वाचविणारे साहित्य टिकाऊ असतेच असे नाही, हा धडा पुढील शंभर वर्षांत पुष्कळ कुटुंबांना मिळाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी आलेले, चिकट पानांवर पारदर्शक पडदा असलेले अल्बम हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यांतील चिकट पदार्थ पिवळा पडतो, कालांतराने कठीण होतो आणि छायाचित्र सोडीत नाही.

आता कागदाकडे वळावे. जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर हे गाव आहे. वाढत्या शहराने आता त्यास आपल्यात सामावून घेतले आहे. ठशांच्या छपाईच्या कापडासाठी ते प्रसिद्ध आहे, तसेच हातकागदासाठीही. आमेरच्या राजा मानसिंहाने सोळाव्या शतकात कागद करणाऱ्यांना येथे आणले, अशी परंपरा सांगितली जाते. त्यांचे वंशज कागजी या नावाने ओळखले जातात. महाराष्ट्रातील वाचकास हे नाव अपरिचित नाही. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे, आणि जुन्या मराठी दप्तरांत जुन्नरी व दौलताबादी कागदाचा उल्लेख वारंवार येतो. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवेकालीन कागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही हाताळता येतात. गेल्या पिढीतील वर्तमानपत्राचे कात्रण मात्र बोटांत चुरते. हा विरोधाभास जाणून घेतला, की कागदाची निवड सोपी होते.

जुना कागद सण, ताग, जुने दोर, जाळी आणि चिंध्या यांपासून होत असे. हे कुजवून, कुटून, धुऊन लगदा करीत. लगदा पाण्याच्या हौदात कालवून गवताच्या बारीक काड्यांच्या चटईवर उचलीत. ताव वाळल्यावर त्यास खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. सांगानेरात आज मुख्यतः होजिअरीच्या कारखान्यांतून उरलेले सुती तुकडे वापरले जातात. ते निवडून, बारीक कापून, बीटर नावाच्या यंत्रात पाण्याबरोबर फिरवितात. तयार झालेला लगदा साच्यावर घेऊन कापडाच्या थरांत ठेवतात, दाबयंत्राने पाणी काढतात आणि ताव दोरीवर वाळत घालतात. या कागदाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध कापूस असतो, आणि तेच त्याच्या टिकाऊपणाचे मुख्य कारण होय.

लाकडाची गोष्ट वेगळी आहे. जर्मनीतील केलर याने १८४४ च्या सुमारास लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करण्याची युक्ती काढली आणि कागद अतिशय स्वस्त झाला. परंतु लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते. झाडास ताठ उभे ठेवणारे हे द्रव्य कागदात राहिले, तर हवा आणि प्रकाश यांच्या योगाने पिवळे व तपकिरी होते. त्यातच १८०७ मध्ये जर्मनीतच इलिग याने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार, शाई फुटू नये म्हणून कागदात राळ आणि तुरटी घालण्याची प्रथा पडली. तुरटीमुळे कागदात आम्ल निर्माण होते आणि ते आम्ल कागदाचे लांब धागे हळूहळू तोडीत राहते. या आम्लाचा पाठपुरावा अमेरिकेतील विल्यम बॅरो याने विसाव्या शतकाच्या मध्यास केला, आणि ग्रंथालये खडबडून जागी झाली. टिकाऊ कागदासाठी १९९४ मध्ये आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानुसार कागदाचा पीएच साडेसात ते दहा यांच्या दरम्यान असावा लागतो आणि पुढे येणारे आम्ल शोषून घेण्यासाठी त्यात खडूसारखे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटासारखे, द्रव्य सुमारे दोन टक्के असावे लागते.

हातकागद म्हणजे टिकाऊ कागद, असा मात्र सरसकट समज करून घेऊ नये. ज्यात फुलांच्या पाकळ्या, गवत, पेंढा अथवा तागाचे तुकडे घातलेले असतात, तो कागद शुभेच्छापत्रास शोभून दिसतो. छायाचित्राखाली तो नको. गडद रंगाच्या कागदाचा रंग खळीच्या ओलाव्याने उतरतो. हातकागदासही काही ठिकाणी राळ व तुरटीच दिली जाते. म्हणून दुकानदारास दोन प्रश्न विचारावे : कागद निव्वळ सुती आहे काय, आणि तो आम्लरहित आहे काय. सांगानेर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्था आहे. वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य ज्यांनी वाहिले, त्या जे. सी. कुमारप्पा यांचे नाव तिला दिलेले आहे. पुण्यात शिवाजीनगर येथेही १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. मराठी वाचकास चांगला कागद पाहावयाचा असेल, तर राजस्थानापर्यंत जाण्याची गरज नाही.

घरच्या घरी दोन कसोट्या लावता येतात. कागदाची एक पट्टी अर्धी काळ्या कागदाखाली झाकून उन्हाच्या खिडकीत तीन आठवडे ठेवावी आणि शेजारी तुलनेसाठी वर्तमानपत्राची पट्टी ठेवावी. वर्तमानपत्र काही दिवसांतच पिवळे पडेल. निवडलेला कागद पालटला नाही, तर त्यात लिग्निन फारसे नाही व रंग पक्का आहे असे समजावे. दुसरी कसोटी ओल्या पांढऱ्या चिंधीची. कागदावर ती हलके दाबावी. चिंधीस रंग लागला तर तो कागद परत करावा. मकरसंक्रांतीपूर्वी जयपूरच्या हांडीपुऱ्यात पतंगांसाठी येणारा रंगीत पातळ कागद या कसोटीस उतरत नाही. त्याची नक्षी मोहक दिसते, परंतु ओल लागताच त्याचा रंग शेजारच्या चित्रात शिरतो. आम्ल मात्र या दोन्ही कसोट्यांनी कळत नाही. त्यासाठी रेघ ओढताच रंग पालटणारी खास लेखणी मिळते. आम्लयुक्त कागदावर तिची रेघ पिवळी उमटते व आम्लरहित कागदावर जांभळी.

पहिल्या वहीस कागद फार लागत नाही. हातकागदाचा प्रचलित ताव बावीस इंच रुंद आणि तीस इंच लांब असतो. त्याचे चार सारखे भाग केले, की अकरा इंच रुंद आणि पंधरा इंच लांब अशी चार पाने होतात. पाच तावांत वीस पाने होतात आणि पहिल्या वहीस तेवढी पुरेशी आहेत. कागदाचे वजन दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम असावे. यापेक्षा पातळ पान चित्रांच्या भाराने वाकते.

दुसरी वस्तू म्हणजे चिकटविण्याचे द्रव्य. या कामास बाजारातील तयार वस्तूंपेक्षा घरची खळ अधिक विश्वसनीय आहे. संग्रहालयांतील तज्ज्ञ कागद जोडण्यासाठी गव्हाच्या सत्त्वाचीच खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सुटते. पुढील पिढीस एखादे चित्र काढावेसे वाटले, तर त्यास इजा न होता ते निघाले पाहिजे, हा या कामातील पहिला नियम होय.

हे सत्त्व महाराष्ट्रातील गृहिणींना वेगळे समजावून सांगावयास नको. कुरडईसाठी काढतात तो गव्हाचा चीक म्हणजे तेच. फरक एवढाच, की कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात व त्यास आंबूस वास येतो. खळीसाठी मात्र आंबलेला चीक नको. मैद्याचा गोळा मळून अर्धा तास ठेवावा, मग कापडात बांधून पाण्यात चोळावा. पाणी दुधासारखे पांढरे होते आणि कापडात रबरासारखा चिवट भाग उरतो. तो चिवट भाग किड्यांस प्रिय असतो. तो टाकून द्यावा. पांढरे पाणी थंड जागी रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी वरचे पाणी ओतून टाकावे. तळाशी बसलेले सत्त्व वाळवून ठेवता येते.

खळ करताना एक भाग सत्त्व आणि पाच भाग पाणी घ्यावे. मंद आचेवर अखंड ढवळीत शिजवावे. मिश्रण घट्ट आणि काहीसे पारदर्शक झाले म्हणजे उतरवावे, थंड झाल्यावर बारीक गाळणीतून दाबून काढावे आणि कुंचल्यास लागेल इतके पातळ करावे. एका वेळी दोन-तीन दिवस पुरेल एवढीच करावी. आंबूस वास आला की फेकून द्यावी.

जुने दप्तरबंद आणि चित्रकार खळीत मोरचूद घालीत. जयपुरात लघुचित्रांसाठी अनेक कागद एकावर एक चिकटवून वसली करतात. तिच्या खळीतही ते घालण्याची रीत होती. किडे येऊ नयेत हा हेतू योग्यच होता. परंतु तांब्याचे असे क्षार कागदाचे धागे लवकर जीर्ण करतात, हे आता सिद्ध झाले आहे. जुन्या चित्रांत जंगाल या तांब्याच्या हिरव्या रंगाखालील कागद जळाल्यासारखा फाटलेला दिसतो, त्याचे कारण हेच. शिवाय मोरचूद विषारी आहे. ज्या घरात मुले वही करणार, तेथे ते नकोच.

सहज मिळणारी चिकटपट्टी, रबरी द्रव्य, झटपट सुकणारा गोंद आणि तापवून लावावयाचे प्लास्टिकचे आवरण ही चारही टाळावी. चिकटपट्टीतील द्रव्य कागदात मुरते, आणि प्लास्टिकचे आवरण एकदा बसले की निघत नाही. पांढरा लाकडी गोंद पुठ्ठ्यास कापड लावण्यापुरता चालेल. चित्रास लावू नये.

चिकटविण्याची रीतही साहित्याइतकीच महत्त्वाची आहे. चित्राच्या संपूर्ण पाठीस खळ कधीही फासू नये. कागद ओला होताच फुगतो आणि वाळताना आकसतो; त्यामुळे पान वाकते. वरच्या काठास दोन ठिकाणी नखाएवढी खळ पुरते. छायाचित्रास तर तीही नको. त्यासाठी कागदाचे कोपरे करावे. चार सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर रुंद अशी पट्टी आडवी घ्यावी. वरच्या काठाच्या मध्यावर बोट ठेवून दोन्ही टोके मागे खाली दुमडावी, म्हणजे त्रिकोणी खिसा तयार होतो. खिशाच्या मागील बाजूस खळ लावून तो पानावर बसवावा आणि वाळल्यावर छायाचित्राचा कोपरा त्यात सरकवावा. चार खिशांत छायाचित्र नीट राहते आणि हवे तेव्हा निघते. पानावर काही चिकटविले की वर टीपकागद, त्यावर पाट आणि पाटावर जड पुस्तके ठेवून रात्रभर दाबावे.

उरलेले साहित्य मोजके आहे. एक चांगली कात्री, एक धारदार सुरी, पोलादी पट्टी, काटकोन पाहण्यासाठी गुण्या, मऊ पेन्सिल, चपटा कुंचला, भोके पाडण्यासाठी टोचा, जाड सुई, सुती दोरा आणि त्यास लावावयाचे मेण, एवढे पुरते. घडी मोडण्यासाठी हाडाची किंवा लाकडाची गुळगुळीत पट्टी असावी. ती नसल्यास चमच्याचा दांडा चालतो. सुरी चालविताना खाली जाड पुठ्ठा ठेवावा आणि बोटे पट्टीच्या काठामागे घ्यावी. लहान मुलांच्या हाती सुरी न देता कात्रीच द्यावी.

बांधणीसाठी आपल्याकडील दोन जुन्या रीती उपयोगी पडतात. पोथीची पाने सुटी असत. वर-खाली फळ्या ठेवून ती तांबड्या खारव्यात बांधीत. बाडाची पाने मात्र एका कडेस शिवलेली असत. पहिल्या वहीस या दोहोंच्या मधली वाट बरी. पानांना एका कडेस तीन भोके पाडून, वर-खाली कापड लावलेले पुठ्ठे ठेवून, दोरीने सैल बांधावे. प्रत्येक दोन पानांमध्ये कडेस बोटभर रुंदीची कागदाची पट्टी घालावी. चित्रे चिकटविल्यावर वही पुढून फुगते आणि मागून पातळ राहते; या पट्ट्यांमुळे दोन्ही बाजूंची जाडी सारखी होते व वही तोंड वासून पडत नाही.

मजकुरासाठी काजळीची काळी शाई उत्तम, कारण काजळी उन्हाने विटत नाही. बॉलपेनची शाई कालांतराने विटते किंवा पसरते. छायाचित्राच्या पाठीवर लिहिताना मऊ पेन्सिल हलक्या हाताने वापरावी. प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी अवश्य लिहाव्या : कोण, कोठे आणि केव्हा. नावाशिवाय ठेवलेला चेहरा दोन पिढ्यांनंतर घरातही परका होतो.

वहीत काय चिकटवू नये, हेही सांगितले पाहिजे. १९४७ नंतर सिंध आणि पंजाबातून आलेल्या अनेक कुटुंबांनी जयपुरात आदर्शनगर, राजापार्क या भागांत संसार नव्याने उभे केले. अशा कुटुंबाजवळ शाळेचा दाखला, निर्वासिताची नोंदणी, मागे राहिलेल्या घराचा एखादा कागद एवढेच पूर्वायुष्याचे पुरावे असत. महाराष्ट्रातही धरणांखाली गेलेल्या गावांतील माणसांजवळ सात-बाराचा जुना उतारा असतो. असा कागद चिकटवहीत लावणे म्हणजे त्याचा पुरावा म्हणून असलेला उपयोग धोक्यात घालणे. त्याची प्रत काढून ती वहीत लावावी आणि मूळ कागद आम्लरहित पाकिटात सपाट ठेवावा. वर्तमानपत्राचे कात्रणही चांगल्या कागदावर छापून घ्यावे, नाहीतर त्यातील आम्ल शेजारच्या पानात उतरते. यंत्रातून निघणाऱ्या आजच्या पावत्या व तिकिटे उष्णतेने छापलेली असतात. ती थोड्या वर्षांत कोरी होतात. त्यांचीही प्रत घ्यावी. भ्रमणध्वनीतील छायाचित्रे छापून घेताना, रंगद्रव्याच्या बारीक कणांची शाई साध्या विरघळलेल्या रंगांपेक्षा अधिक टिकते, हे ध्यानात ठेवावे.

वही पूर्ण झाल्यावर तिच्या जागेचा विचार करावा. जयपूर कोरड्या हवेचे शहर समजले जाते. तरीही जुलै १९८१ मध्ये येथे महापूर आला, आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी झालेल्या अतिवृष्टीत अल्बर्ट हॉल संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरले. तेथील प्रसिद्ध ममी काच फोडून वाचवावी लागली. संग्रहालयाची ही स्थिती, तर घराची काय कथा. वही जमिनीवर, पलंगाखाली अथवा बाहेरच्या भिंतीस लागून असलेल्या कपाटाच्या तळाशी ठेवू नये. कमरेच्या वरच्या फळीवर आडवी ठेवावी. कोकणातील दमट हवेत बुरशी येते, म्हणून पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी सावलीत पाने उलटून हवा द्यावी. कडुनिंबाचा पाला ठेवावयाचा झाल्यास कापडाच्या पुरचुंडीत वहीबाहेर ठेवावा. पानांत ठेवलेला पाला स्वतःच डाग पाडतो. कसर आणि वाळवी यांवर खरा उपाय म्हणजे वही वारंवार उघडणे. जी वही पाहिली जाते, तिला कीड सहसा लागत नाही, कारण लागताच ती दिसते.

तेव्हा ज्यांना आरंभ करावयाचा आहे, त्यांनी पाच ताव पांढरा सुती कागद, दोन पुठ्ठे, वाटीभर मैदा आणि घरातील कात्री एवढ्यावर आरंभ करावा. नक्षीची कातरणी, रंगीत फिती, चमकीचे तुकडे यांवाचून काही अडत नाही. पहिल्या पानासाठी घरातील सर्वांत वृद्ध माणसाचे एक छायाचित्र घ्यावे, आणि ते बसविण्यापूर्वी त्या माणसाशेजारी बसून, चित्रातील प्रत्येकाचे नाव विचारून, पेन्सिलीने लिहून घ्यावे. कागद सांगानेरातून, पुण्यातून अथवा आणखी कोठून पुढच्या महिन्यातही मिळेल. ती नावे सांगणारे माणूस तोवर असेलच असे नाही. म्हणून साहित्याच्या यादीत पेन्सिल पहिली लिहावी.